हातोडीच्या सुटकेचे शतक

पियानोचा इतिहास सांगताना साध्याकडून प्रगताकडे असा क्रम लावण्याची सवय आहे. अठराव्या शतकातील वाद्यांपुढे हा क्रम टिकत नाही. सर्वांत अवघड प्रश्न पहिल्याच कारागिराने सोडवला होता. पुढच्यांनी त्याचे उत्तर कधी उचलले, कधी गाळले, तर कधी वेगळ्या वाटेने शोधले.

हा कारागीर म्हणजे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी. फ्लॉरेन्समध्ये तो मेदिची घराण्याच्या पदरी होता आणि त्याच्या नव्या वाद्याची नोंद तिथल्या वाद्यांच्या 1700 च्या यादीत आहे. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारली. पण घंटेचा लोलक घंटेलाच टेकून राहिला तर नाद मरतो, तसेच इथेही होते. म्हणून त्याने पट्टीवर एक उचलदांडी बसवली. ती मधल्या तरफेमार्फत हातोडी वर फेकते आणि हातोडी तारेला भिडण्याच्या किंचित आधी निसटते. हीच हातोडीची सुटका. उरलेले अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने कापते आणि लगेच खाली येते. बोट पट्टीवर असेपर्यंत तार घुमत राहते. त्याची 1720, 1722 आणि 1726 ची वाद्ये आज न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिगच्या संग्रहालयांत आहेत.

तरीही या शोधाची कदर लगेच झाली नाही. स्पेनच्या राणी मारिया बार्बराच्या संग्रहातील फ्लॉरेन्सच्या पाच पियानोंपैकी दोन तर चक्क हार्पसिकॉर्डमध्ये बदलून घेतलेले होते. जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमानने क्रिस्तोफोरीचीच यंत्रणा घेतली. त्याच्या सुरुवातीच्या पियानोंचे वरचे स्वर दुबळे आणि पट्ट्या जड असल्याचे संगीतकार योहान सेबास्टियन बाखने सुनावले. झिल्बरमानने सुधारणा केल्यावर मात्र बाखने पसंती दिली आणि 1747 मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाचा राजा फ्रेडरिकपुढे झिल्बरमानचेच पियानो वाजवले.

लंडनमध्ये योहानेस त्सुंपेने 1766 च्या सुमारास चौकोनी पियानो काढला आणि सुटकेची यंत्रणा गाळूनच टाकली. यांत्रिकदृष्ट्या ही पीछेहाटच होती. पण वाद्य लहान आणि स्वस्त झाल्यामुळे पियानो मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पोचला. प्रसाराचे श्रेय त्सुंपेला द्यायलाच हवे.

माझ्या मते शतकाचा कळस ऑग्सबर्गच्या योहान आंद्रेआस श्टाइनने गाठला. त्याने हातोडी पट्टीवरच बसवली आणि मागे स्प्रिंगवर हलणारी खाच देऊन सुटका साधली. स्पर्श हलका, उत्तर तत्काळ. 1777 मध्ये मोत्सार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात या पियानोंच्या समतोल स्वराचे कौतुक आहे. श्टाइन नादफळी ऊन, पाऊस, बर्फात ठेवून तडकू देतो आणि मग पाचरी बसवून चिकटवतो, जेणेकरून ती पुढे तडकू नये, हेही त्यात आहे. असा पियानो 300 गुल्डनखाली मिळत नसे.

त्याच काळात लंडनमध्ये बॅकर्स आणि ब्रॉडवुड यांनी अधिक भरदार आवाजाचा, पण जड हाताचा ग्रँड पियानो घडवला. जर्मन आणि इंग्रजी, दोन्ही घराण्यांची वाद्ये आपापल्या संगीताला पुरी पडत होती. त्यांना आजच्या पियानोची कच्ची आवृत्ती ठरवणे अन्यायाचे आहे. मोत्सार्टच्या छोट्या, स्पष्ट वाक्यांना श्टाइनच्या पट्ट्यांवर जो नेमका विराम मिळतो, तो आजच्या लोखंडी चौकटीच्या अवाढव्य वाद्यावर वादकाला कष्टाने मिळवावा लागतो. आवाज वाढला, तेव्हा चपळाई घटली. हा हिशेब मांडल्याशिवाय प्रगतीची भाषा करू नये.