कन्व्हर्टरला ठेवलेला प्लग

मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४चं कौतुक करणारे बहुधा दारापासून सुरुवात करतात. दार लागतानाचा तो भरीव आवाज, काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचणारा एकुलता एक वायपर, ब्रूनो साक्को यांच्या देखरेखीखाली आखलेली, एकही जादा रेघ नसलेली आकृती. हे सगळं देखणं आहेच. पण या गाडीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पाहायला तिच्याखाली पाठीवर आडवं व्हावं लागतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तोंडाशी, बेल हाउसिंगला, खालून एक लहानशी खिडकी ठेवलेली आहे. पुढच्या बाजूने क्रँकचा बोल्ट २७च्या सॉकेटने सावकाश फिरवत राहायचं. एका क्षणी त्या खिडकीत एक छोटा प्लग येतो, ५ मिलिमीटरच्या ॲलन कीचा. तो टॉर्क कन्व्हर्टरचा ड्रेन प्लग.

ही गाडी १९८४च्या अखेरीस जर्मनीत आली. मर्सिडीजने १९९५मध्ये भारतात पहिली गाडी जुळवायला घेतली तीही हीच, पिंपरीला टेल्कोच्या आवारात. तिच्या गिअरबॉक्सचं तेल बदलणं हे तासा-दोन तासांचं, हात काळे करणारं काम. त्या कामात या यंत्राचा स्वभाव जितका उलगडतो तितका गाडी चालवूनही उलगडत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि त्याची सुरुवात या प्लगपासूनच करायला हवी.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, तेलाने भरलेलं, चहूबाजूंनी बंद असं वाटोळं भांडं. आत समोरासमोर दोन पात्यांची चक्रं. एक इंजिनाबरोबर फिरतं आणि तेल भिरकावतं. दुसरं त्या माऱ्याने फिरतं आणि गिअरबॉक्सला फिरवतं. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला वळण देतो, त्यामुळे गाडी सुटताना जोर वाढून मिळतो. दोन्ही चक्रं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं ते मोटारीसाठी नव्हतं. श्टेटिनच्या व्हल्कान गोदीत जहाजाच्या टर्बाइनचा अफाट वेग प्रोपेलरला झेपेल इतका खाली आणायचा होता. १२४च्या चार गिअरच्या पेटीत तर लॉक-अप क्लचही नाही. म्हणजे इंजिनाची सगळी ताकद कायम तेलातूनच चाकांकडे जाते. सिग्नलला ‘डी’मध्ये ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं, की इंजिन जे काम करतं त्याची उष्णता होऊन तीही याच तेलात उतरते. तेल हा या पेटीतला एक सुटा भागच आहे, आणि सर्वांत जास्त राबणारा.

आता प्लगचं मोल लक्षात येईल. बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर रिकामा करायची सोयच नसते. गिअरबॉक्सच्या खालच्या चेंबरचा प्लग काढला की निम्म्याहून कमी तेल उतरतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, ड्रममध्ये आणि कूलरच्या नळ्यांत तसंच राहतं. समजा, एका वेळी ४० टक्के उतरलं. नवीन भरलं, गाडी चालवली, पुन्हा उतरवलं, असं तीनदा केलं तरी शेवटी जुन्यातलं २२ टक्क्यांच्या आसपास आतच असतं. आणि तोवर पेटीत मावतं त्याहून जास्त नवं तेल वापरून झालेलं असतं. १२४मध्ये दोन प्लग काढले की एका बैठकीत जवळजवळ सगळं तेल पातेल्यात. कन्व्हर्टरला प्लग ठेवायचा म्हणजे फिरणाऱ्या भांड्याला भोक पाडायचं, त्यात आटे पाडायचे, तोल सांभाळायचा, बेल हाउसिंगला खिडकी ठेवायची. हा सगळा खटाटोप गाडी विकत घेणाऱ्याला कधीच दिसणार नव्हता. तो केला गेला, कारण ही पेटी अनेक वर्षं वापरली जाईल आणि कुणीतरी खाली झोपून ती पुन्हा पुन्हा उघडेल, हे आखणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. त्या अनोळखी फिटरचा विचार ज्यांनी स्टुटगार्टमध्ये बसून केला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९९६च्या सुमारास आलेल्या पाच गिअरच्या इलेक्ट्रॉनिक पेटीत मालकाची डिपस्टिक गेली. तेल आयुष्यभरासाठी भरलंय असं सांगितलं गेलं, पुढे कंपनीनेच ते बदलायचा सल्ला दिला, आणि नंतर कन्व्हर्टरवरचा प्लगही नाहीसा झाला. नवी पेटी हुशार होती, पण हा बदल मला अधोगतीचा वाटतो.

नव्या तेलाचा डबा उघडला की आत माणकासारखा लाल, पारदर्शक द्रव असतो. रंग मुद्दाम घातलेला, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून ओळखता यावी म्हणून. तेलाचा खरा गुण दिसत नाही. गिअरच्या दातांना त्याने घसरू द्यायचं आणि क्लचच्या प्लेटांना पकडू द्यायचं, तेही एकाच वेळी, एकाच पेटीत. प्लेटांवर कागदी तंतूंचं अस्तर असतं. पकड फार झटकन आली तर गाडी हिसका देते, फार हळू आली तर अस्तर घासून जळतं. हा समतोल तेलातल्या घर्षण राखणाऱ्या द्रव्यांवर असतो. एके काळी अमेरिकी तेलांत त्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. १९७०मध्ये तो तिथल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला, तो साठा आटला, आणि जनरल मोटर्सला आपलं डेक्स्रॉन हे गिअरबॉक्सचं तेल नव्याने जुळवावं लागलं. त्यातून डेक्स्रॉन-टू आलं. सुरुवातीची तेलं कूलरच्या डाखकामाला खाऊ लागली, म्हणून त्यांत गंजरोधक वाढवावे लागले.

१२४ची पेटी त्या डेक्स्रॉन-टूच्या काळातली. तिला आज डेक्स्रॉन-थ्रीच्या वर्गातलं तेल घालावं. डेक्स्रॉन-सिक्स नव्या पेट्यांना उत्तम, पण ते पातळ असतं. चाळिशीकडे झुकलेल्या रबरी सिलांना थोडं दाट तेल मानवतं, आणि दाब त्या दाटपणाच्या हिशेबानेच आखलेले आहेत.

दाब हा शब्द आला, आणि इथे या पेटीचं सर्वांत सुंदर अंग येतं. तिला संगणक नाही. गिअर कधी पडावा हे तेलच ठरवतं. चेंबर आणि फिल्टर काढल्यावर वर व्हॉल्व्ह बॉडी दिसते. ॲल्युमिनियमच्या त्या ठोकळ्याच्या आत नागमोडी चऱ्या आहेत आणि त्यांत सरकणारे गुळगुळीत पोलादी व्हॉल्व्ह. मागे गव्हर्नर बसलाय. गाडीचा वेग वाढेल तसा तो तेलाचा दाब वाढवतो. इंजिनावर किती भार आहे हे व्हॅक्यूम मॉड्युलेटर सांगतो, आणि पायाने पेडल किती दाबलंय हे एक बोडन केबल. एका बाजूने वेगाचा दाब, दुसऱ्या बाजूने पेडलचा दाब आणि स्प्रिंग. ज्या क्षणी वेग भारी पडतो त्या क्षणी व्हॉल्व्ह सरकतो, एक चर बंद होते, दुसरी उघडते, तेल जाऊन एका ड्रमभोवतीचा पट्टा सोडतं आणि दुसरीकडच्या प्लेटा दाबतं. शेतकरी पाटावर दारं धरतो, एका वाफ्याचं बारं मोडून पाणी दुसऱ्याकडे वळवतो, तसंच हे. फक्त दारं धरणारा माणूस इथे नाही. पाणीच आपली वाट ओळखतं. अशा ठिकाणी तेल विटलं, त्यात गाळ आला, एखादा व्हॉल्व्ह केसभर अडकला, तर पेटीचं विचार करणंच बिघडतं.

म्हणून उतरलेलं जुनं तेल गटारात नाही, पांढऱ्या पातेल्यात घ्यावं आणि नीट वाचावं. ते तपकिरी दिसलं म्हणून घाबरण्याचं कारण नाही. लाल रंग उष्णतेने लवकर उतरतो, त्यावरून निकाल देता येत नाही. वास जास्त खरं बोलतो. जळक्या कागदाचा कडवट वास आला तर अस्तर भाजलंय. थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकावा. डाग एकसारखा पसरला तर ठीक, मधोमध काळं वर्तुळ उरलं तर गाळ बराच आहे. चेंबरच्या तळाला बोटाला लागणारा करडा, मऊ लेप वयाचा असतो, तो चालतो. नखाने उचलता येतील असे चकाकते तुकडे चालत नाहीत. आणि तेल गुलाबीसर, दुधाळ निघालं तर तेल बदलण्याचा विचार बाजूला ठेवून रेडिएटरकडे जावं. कूलर त्याच्याच पोटात असतो. तिथून कूलंट शिरला तर अस्तराचा गोंद सुटतो.

जुन्या गाडीचं तेल कधीच बदललं नसेल तर आता हात लावू नका, नवं तेल पडलं की गिअरबॉक्स जातो, असं गॅरेजात ठासून सांगतात. मला यात अर्धंच तथ्य वाटतं. प्लेटा झिजून घसरतच असतील, तर तेलात तरंगणारी अस्तराची भुकटी त्यांना थोडी पकड देत असते. ती गेली की पेटीची खरी अवस्था उघडी पडते. पेटी आधीच गेलेली असते. पण गिअर वेळेवर पडतायत, घसरण नाही, अशा पेटीला जुन्या तेलात ठेवणं म्हणजे अजून वाचवता येणारी पेटी वाया घालवणं. तिथे मी बदलाच्या बाजूने आहे. तेवढंच पाहावं की ते आपल्या वजनाने, दोन प्लगांतून उतरावं. मशीन लावून दाबाने धुऊ नये.

जोडणीत जोर नको, नेमकेपणा हवा. फिल्टर नवा, रबरी पॅकिंग नवं, प्लगची वायसरं नवी. चेंबरच्या सहा बोल्टांना कंपनीने सांगितलेला टॉर्क फक्त ८ न्यूटन-मीटर आहे, दोन्ही प्लगांना १४. या आकड्यांवर अनेकांचा विश्वास बसत नाही आणि हात आणखी पाव फेरा देतो. मग पॅकिंग चेपून बाहेर येतं, पत्रा वाकतो, आणि ज्या गळतीच्या भीतीने आवळलं तीच सुरू होते.

भरायचं डिपस्टिकच्याच नळीतून, लांब आणि बारीक नळीच्या नरसाळ्याने. इंजिन बंद असताना सुमारे ४ लिटर, मग ते सुरू करून ‘पी’मध्ये ठेवायचं आणि बाकीचं थोडं थोडं. त्यानंतर ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवायचा, म्हणजे प्रत्येक चर भरते. खरी पातळी बघायची ती तेल ८० अंशांना आल्यावर, इंजिन चालू असताना. थंड असताना ते खुणेच्या बरंच खाली दिसतं आणि माणूस फसून जास्त ओततो. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये फक्त ०.३ लिटरचं अंतर आहे. जास्त झालं तर फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि हवा दाबली जाते म्हणून दाबच बसत नाही. पुसायला धागे न सुटणारं फडकं घ्यावं. एक सूतसुद्धा व्हॉल्व्हच्या वाटेत पुरेसं असतं.

तेल बदलल्यावर पहिले काही दिवस मॉड्युलेटरला हात लावू नये. १२४ची पेटी मऊ नव्हतीच कधी; दुसऱ्यावरून तिसरा पडताना पाठीला एक स्पष्ट, आटोपशीर धक्का जाणवतो आणि तो तसाच आखलेला आहे. झटपट गिअर पडण्याने प्लेटा कमी घासतात, म्हणून. विटलेल्या तेलाने तो धक्का कधी लांबट, कधी अडखळता झालेला असतो, आणि मालक मॉड्युलेटरची किल्ली फिरवून तो मऊ करून घेतो. मऊ म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे घसरण जास्त. नवं तेल बऱ्याचदा हे दुखणं आपोआप सोडवतं. त्यानंतरही हिसका राहिला तर आधी व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या तपासाव्यात; त्या टोकांशी तडकलेल्या सापडण्याची शक्यता मोठी असते.