रात्री नऊनंतरची विज्ञानकथा

मुलांच्या लाडक्या नायकाला मोठ्यांच्या कथेत आणून बसविले म्हणजे त्याचे काय होते, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. भा. रा. भागवत यांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेवर 2017 साली आदित्य सरपोतदार यांनी चित्रपट काढला. त्यातला बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्याच्या वयाचा आहे. परीक्षेच्या वेळी भेटलेला मित्र दगावतो, ती आत्महत्या ठरते, बन्याला ते पटत नाही आणि शोध घेता घेता तो शिक्षणाच्या काळ्या बाजारापाशी येऊन पोहोचतो. पुस्तकांवर वाढलेल्या कित्येकांना हा बन्या परका वाटला. त्यांना ‘ट्टॉक्’ करणारा, सायकलवरचा, हाडकुळा पोरगा हवा होता. इतरांना मात्र तो योग्य वेळी मोठा झालेला दिसला. ज्यांच्या घरी बारावीचे मूल आहे अशा पालकांना त्या चित्रपटातला काळोख ओळखीचा वाटला असेल, यात नवल नाही.

तथापि बन्याची कथा ही साहसकथा. विज्ञानकथेच्या क्षेत्रात आपल्याकडे दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’ (1989) आली, ‘कॅप्टन व्योम’ (1998) आली, मुलांनी ती आवडीने पाहिली. पण त्यांपैकी एकीलाही मोठ्यांसाठी वेगळी शाखा फुटली नाही. म्हणून या विषयाचे खरे उदाहरण पाहावयाचे तर ब्रिटनकडे वळावे लागते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आज नोकरी-शिक्षणासाठी तिकडे आहेत, आणि तिकडच्या मालिका घरोघरी मोबाइलवर पोहोचल्या आहेत. तेव्हा हा विषय वाटतो तितका दूरचा नव्हे.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. पोलिसांच्या निळ्या खोक्यातून काळात हिंडणारा एक परग्रहवासी, त्याचे मानव सोबती, राक्षसी शत्रू आणि शेवटी बुद्धीच्या बळावर सुटका, असा तिचा ठरलेला घाट. शनिवारी संध्याकाळी आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावी अशीच तिची रचना होती. 1989 मध्ये बंद पडलेली ही मालिका 2005 मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी पुन्हा उभी केली. तीत कॅप्टन जॅक हार्कनेस हे बेधडक, हसरे आणि पुढे मरणच न उरलेले पात्र आले आणि मुलांना ते फार आवडले. त्याच जॅकला नायक करून ऑक्टोबर 2006 मध्ये डेव्हिस यांनी ‘टॉर्चवुड’ ही उपमालिका काढली. मूळ मालिकेच्या इंग्रजी नावातील अक्षरे उलटसुलट मांडून हे नाव तयार झाले आहे. ती घडते वेल्समधील कार्डिफ शहरात, आणि दाखविली गेली रात्री नऊनंतर.

ही नऊची रेषा समजून घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये मुलांना अनुचित असे काहीही रात्री नऊच्या आत दाखवावयाचे नाही, असा दूरचित्रवाणीचा नियम आहे. नियम चांगला, पण तो मुलांची निजण्याची खोली वेगळी असते असे गृहीत धरतो. आमच्या नवघरसारख्या वस्तीत दीड खोलीत चार-पाच माणसे राहतात. रोझरी, जेवण, अभ्यास आणि दूरदर्शन एकाच भिंतीसमोर होते. तेथे नऊ वाजल्याने काहीच बदलत नाही. आणि आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आल्यापासून नऊ कधी वाजतात हेच कोणाला कळत नाही!

पहिल्या वर्षी चाहत्यांच्या मतांत उघड फूट पडली. जॅकवर जीव टाकणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना आता त्याच्यापासून दूर कसे ठेवावे, हा आईबापांचा पेच होता. 2008 च्या दुसऱ्या भागाच्या वेळी लहानांसाठी काटछाट केलेली आवृत्ती लवकरच्या वेळेला दाखविण्यात आली, यावरून तो किती खरा होता हे कळते. दुसरीकडे, मूळ मालिकेबरोबर वाढलेल्या तरुणांना वाटले की आता आपल्या वयाचे काही मिळाले. मात्र याच तरुणांतील चाणाक्षांनी एक आक्षेप घेतला, आणि तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. शिव्या, रक्त आणि शय्यादृश्ये यांनी मालिका प्रौढ होत नाही. ती फक्त सोळा वर्षांच्या मुलाला जे प्रौढपण वाटते ते दाखविते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या टीकेसाठी धर्मगुरूला दकियानूसी ठरविले जाते, ती येथे चाहत्यांनीच केली.

डेव्हिस यांनी हे ऐकले असावे, असे जुलै 2009 चा तिसरा भाग पाहून म्हणावेसे वाटते. ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’ हे त्याचे नाव. सलग पाच रात्री तो दाखविला गेला. एक परग्रहवासी जमात पृथ्वीवरील दर शंभर मुलांमागे दहा मुले मागते. न दिल्यास सर्वांचा नाश. मुले कशाला हवीत, तर त्यांच्या शरीरातील द्रव्याची त्या जमातीला नशेसारखी चटक आहे. या मागणीपेक्षाही अंगावर काटा आणते ती ब्रिटिश मंत्रिमंडळाची बैठक. कोणती मुले द्यावयाची याचा निर्णय तेथे शाळांच्या निकालांच्या क्रमवारीवरून होतो; तळाच्या शाळांतील मुले जावीत, आपली नव्हे. कोणी ओरडत नाही, कोणी दुष्ट दिसत नाही, सगळे कागद पाहून शांतपणे बोलतात. राष्ट्र वाचावे म्हणून एकाने मरणे सोयीचे, हा कयफाचा हिशेब याहून नेमका आम्ही पडद्यावर पाहिलेला नाही. फ्रोबिशर नावाचा आज्ञाधारक सनदी अधिकारी ही योजना राबवितो. लोकांची खात्री पटावी म्हणून तुझ्याच मुली आधी दे, असे पंतप्रधान त्याला फर्मावतात, आणि तो बायकामुलींना गोळ्या घालून स्वतःही मरतो. पीटर कपाल्डी या नटाने हे काम असे केले आहे की त्या माणसाचा तिरस्कार करणे अशक्य होते. हाच नट पुढे मूळ मालिकेत डॉक्टर झाला.

आता चाहत्यांच्या मतांकडे यावे. या भागात जॅकचा सहकारी आणि प्रियकर इयान्तो जोन्स मरतो. नीटनेटका सूट घालणारा, सर्वांना कॉफी करून देणारा हा अबोल तरुण प्रेक्षकांचा लाडका होता. त्याच्या मृत्यूने चाहते हादरले. बीबीसीकडे निषेध म्हणून कॉफीची पाकिटे धाडण्यात आली, त्याच्या नावाने मुलांसाठीच्या मदतनिधीला पैसे जमविण्यात आले, आणि कार्डिफच्या धक्क्यावर, मर्मेड की येथे, फुले, पत्रे, छायाचित्रे यांची भिंतच उभी राहिली. जो कधी जन्मलाच नाही त्याची ती समाधी. या भिंतीला हसणाऱ्यांत आम्ही नाही. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावणाऱ्या समाजाला मृताची आठवण जागती ठेवण्याची ओढ समजते. त्या दोघांच्या नात्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे. तरीही त्या नात्यात पडद्यावर प्रथमच स्वतःला पाहणारे कितीतरी एकाकी तरुण त्या भिंतीपाशी उभे राहिले, आणि त्यांचे अश्रू खोटे नव्हते. अशी कोणी मुले आपल्या धर्मग्रामांतही आहेत, हे विसरून चालणार नाही.

पण आमचा आक्षेप निराळा आहे. याच कथेच्या अखेरीस आणखी एक मृत्यू येतो. शत्रूवर त्याचाच ध्वनी उलटविण्यासाठी एका मुलाच्या देहाचा उपयोग करावयाचा आणि त्यात त्याने मरावयाचे, एवढाच मार्ग उरतो. जवळ असलेले एकच मूल म्हणजे जॅकचा नातू स्टीवन. जॅक ते करतो. जगातील लाखो मुले वाचतात. आब्राहामाने मोरिया डोंगरावर सुरा उचलला तेव्हा त्याचा हात धरणारा देवदूत होता. येथे कोणी येत नाही. मूळ मालिकेत डॉक्टर अगदी शेवटच्या क्षणी धावून येतो, मुलांचा सारा विश्वास त्याच्या येण्यावर उभा असतो. आणि या कथेत तो का आला नाही, याचे उत्तर ग्वेन ही नायिका देते: कधीकधी माणसांकडे पाहून त्याला लाज वाटत असावी, आणि तो तोंड फिरवीत असावा. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. आमचा देव तोंड फिरवून उभा राहिला नाही, क्रूसावर गेला. पण प्रश्न खरा आहे. आजारी लेकराच्या खाटेपाशी बसलेल्या आईने तो आम्हांलाही विचारला आहे.

चाहत्यांनी या मृत्यूवर मते दिली नाहीत असे नाही. जॅकला दुसरा मार्ग होता का, यावर त्यांनी पुष्कळ वाद घातला. मात्र तो वाद नायकाविषयीचा होता: जॅकने हे करावे का, जॅक आता नायक राहिला का, जॅकला किती दुःख झाले. कॉफीची पाकिटे गेली ती इयान्तोसाठी. भिंत उभी राहिली ती इयान्तोची. इयान्तो स्वतःच्या निर्णयाने संकटासमोर जाऊन उभा राहिला होता. स्टीवनला कोणी विचारलेही नाही. जो देखणा, ओळखीचा आणि आपल्यासारखा, त्याच्यासाठी आपण रडतो. ज्याला दोन-तीन दृश्ये मिळाली त्याला कथेची गरज म्हणून सोडून देतो. मंत्रिमंडळाच्या त्या टेबलाभोवती याहून वेगळे काय घडत होते? डेव्हिस यांनी प्रेक्षकांसमोर आरसा धरला होता. पुष्कळ चाहत्यांनी त्या आरशाच्या चौकटीविषयीच तक्रार केली.

2011 चा ‘मिरॅकल डे’ हा चौथा भाग अमेरिकी साहाय्याने दहा प्रकरणांत निघाला. कोणालाच मरण येत नाही ही त्याची कल्पना मोठी, पण विस्तार पातळ झाला. चाहत्यांची निराशा आम्हांस रास्त वाटते. लहान मुलांना ‘टॉर्चवुड’ दाखवू नये, हे सांगावयास नकोच. सतरा-अठराच्या मुलामुलींबरोबर तिसरा भाग पालकांनी सोबत बसून पाहण्यास मात्र आमची हरकत नाही. पाचही रात्रींचे भाग पाहावेत. शेवटच्या भागात स्टीवनची आई, म्हणजे जॅकचीच मुलगी, दारापाशी येते. बाप समोर बाकावर बसलेला असतो. ती क्षणभर त्याच्याकडे पाहते, एक शब्द बोलत नाही, आणि आल्या पावली परत जाते. त्या दृश्यावर मुलांना काय वाटले, हे आधी त्यांनाच बोलू द्यावे.