एकटा रेणू ‘दिसतो’ म्हणजे काय?

एकरेणू प्रतिदीप्ती आणि कालविभेदी सूक्ष्मदर्शन या विषयांवर संशोधकांसाठी देशोदेशी कार्यशाळा भरतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही तंत्रे वापरून अल्झायमर रोगाशी संबंधित प्रथिनांच्या गुठळ्या कशा बनतात, याचाही अभ्यास झाला आहे. मात्र या साऱ्या कामातून भंडाऱ्याच्या शाळेपर्यंत बहुधा एकच वाक्य पोचते: ‘आता एकटा रेणू दिसतो.’ आमचा आक्षेप या वाक्याला आहे.

यश खरे आहे, यात शंका नाही. 1989 मध्ये मोर्नर आणि काडोर यांनी अतिशीत स्फटिकातील एकाच रेणूचे प्रकाशशोषण टिपले. 1990 मध्ये ओरी आणि बर्नार यांनी तशा रेणूची प्रतिदीप्ती नोंदवली. मोर्नर 2014 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. एकेक रेणू पाहण्याची गरजही खरी आहे. गावाचे एकरी सरासरी धान चांगले असले, तरी कोणाच्या बांधीत तुडतुडे लागले ते सरासरीवरून कळत नाही. रेणूंचेही तसेच आहे.

पण पडद्यावर दिसतो तो रेणू नव्हे, प्रकाशाचा ठिपका. रंगद्रव्याचा रेणू साधारण 1 नॅनोमीटरचा, तर ठिपका सुमारे 250 नॅनोमीटरचा. ठिपक्याचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीवरून ठरतो, रेणूवरून नव्हे. मग त्या ठिपक्यात एकच रेणू आहे, हे कशावरून? खरा विज्ञानाचा तास येथे सुरू होतो. द्रावण अतिविरल करतात. लिटरला एक नॅनोमोल इतक्या विरल द्रावणाच्या एका थेंबातही सुमारे 3000 कोटी रंगरेणू असतात. पण लेझरचा झोत एका घन मायक्रोमीटरवर एकवटला, तर त्यात सरासरी एकाहूनही कमी रेणू सापडतो. पुरावा आणखी आहे. रेणू पुष्कळ असतील तर उजेड हळूहळू मंदावतो. एकच असेल तर तो एका झटक्यात विझतो. शिवाय एकटा रेणू एका क्षणी दोन प्रकाशकण सोडत नाही. हा पुरावा गाळून केवळ चित्र दाखवणे म्हणजे रीत न दाखवता उत्तर फळ्यावर लिहिणे होय.

दुसरा आक्षेप ‘आयुष्यकाल’ या शब्दाच्या मांडणीला आहे. ‘या रंगाचा आयुष्यकाल 4 नॅनोसेकंद’ असे सांगितले, की प्रत्येक रेणू बरोबर तेवढाच वेळ थांबतो, अशी मुलांची समजूत होते. प्रत्यक्षात ही सरासरी आहे. 4 नॅनोसेकंदांनंतरही सुमारे 37 टक्के रेणू उत्तेजितच असतात. लुडोचे साठ फासे वर्गात वाटा. दर फेरीला ज्याला सहा पडेल त्याने खाली बसावे. उभी मुले साधारण 60, 50, 42, 35 अशी घटत जातील. उभे राहण्याची सरासरी सहा फेऱ्या भरते. पण आपण कधी बसणार, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. कालविभेदी यंत्र नेमका हाच उतार मोजते.

प्रतिदीप्ती पाहण्यासाठी तर नऊशे किलोमीटरवरच्या मुंबईला जायलाही नको. हिरवी पाने कुटून स्पिरिटमध्ये भिजवा, गाळा आणि अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या जांभळ्या टॉर्चचा झोत त्यावर सोडा. बाजूने पाहिल्यास हिरवा अर्क लाल दिसेल. (जवळ ज्योत नको; टॉर्च डोळ्यांत मारू नये.) अखंड पान मात्र इतके लाल का चमकत नाही? कारण जिवंत पानात हरितद्रव्याने घेतलेली बरीचशी ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाकडे जाते आणि प्रतिदीप्तीचा आयुष्यकालही घटतो. म्हणजे धानाच्या पानातले रेणू किती वेळ उत्तेजित राहतात, यावरून पानाच्या कामाचा अंदाज घेता येतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. अशा कार्यशाळांनी एक दिवस शिक्षकांसाठी राखावा, आणि तो यंत्रे दाखवण्यात घालवू नये. त्या दिवशी ‘एकच रेणू कशावरून?’ या प्रश्नाचा पुरावा क्रमाने उलगडावा. यंत्र पाहून परतलेला शिक्षक चार दिवस कौतुक सांगेल; पुरावा समजलेला शिक्षक दरवर्षी नव्या वर्गाला ‘कशावरून?’ असे विचारायला शिकवील.