जयभीमचं भाषांतर 'हॅलो'

तिसरी पाळी संपवून सकाळी सातला सूतगिरणीतून सुटलो, घरी अंघोळ केली आणि दहाला जिल्ह्याच्या गावातल्या नाट्यगृहात जाऊन बसलो. कानात रिंग खात्याचा घरघराट तसाच होता. चित्रपट महोत्सवाचा दुसरा दिवस, लघुपटांची स्पर्धा. अकरा लघुपट दाखवले, संध्याकाळी बक्षिसं वाटली. त्या बक्षिसांबद्दल लिहितोय. मी काही समीक्षक नाही. दहावीला शाळा सुटली, पुढचं जे वाचलं ते विहारातल्या कपाटातलं. तेव्हा चुकलो तर जाब विचारा, पण गप्प बसून माफ करू नका.

अकरापैकी एक लघुपट आपल्या वस्तीतल्या पोरांचा होता. मोबाइलवर काढलेला, चौदा मिनिटांचा. प्रवेश फी भरायला आम्ही वर्गणी काढली; ती फी म्हंजे माझ्या तीन पाळ्यांची मजुरी. गोष्ट साधी आहे. एक म्हातारी आजी स्मशानाच्या वाटेचा अर्ज घेऊन वस्तीतून तलाठी कचेरीपर्यंत चालत जाते. वाटेत चार माणसं भेटतात. चौघांनाही ती जयभीम घालते. पहिला आपल्यातला पेंटर, तो शिडीवरूनच मोठ्यानं जयभीम म्हणतो. दुसरा पोलीस भरतीत निवडलेला पोरगा, सोबत नवे दोस्त असल्यामुळं ओठातल्या ओठात पुटपुटतो. तिसरा किराणावाला, तो वजनाच्या काट्याकडं बघत राहतो. चौथा खुद्द तलाठी. तो आपलाच. तो आधी दाराकडं बघतो, मग हळूच म्हणतो, "नमस्कार."

बस्स. एवढंच नाट्य. पण ज्यानं आयुष्यात एकदा तरी जयभीम गिळलाय त्याच्या पोटात त्या 'नमस्कार'नं खड्डा पडतो. माझ्या पडला.

आता परीक्षक. तिघं होते. त्यातल्या एका बाईंना मराठी येत नव्हतं, आणि नियमच होता की प्रत्येक लघुपटाला इंग्रजी सबटायटल पाहिजे. आपल्या पोरांनी ते काम एका ओळखीच्या कॉलेजातल्या मुलाला दिलं. त्यानं चारही ठिकाणी जयभीमचं भाषांतर केलं 'हॅलो'. तलाठ्याच्या नमस्काराचंही केलं 'हॅलो'. म्हंजे पडद्यावर खाली काय दिसलं? आजी म्हणते हॅलो, पेंटर म्हणतो हॅलो. आजी म्हणते हॅलो, तलाठी म्हणतो हॅलो. चौदा मिनिटं एक म्हातारी गावभर हॅलो करत फिरते!

बक्षीस समारंभात परीक्षकांचं मत वाचून दाखवलं. आजींचा अभिनय सहज आहे, परंतु कथेत संघर्ष नाही.

मी पहिल्यांदा हसलो. मग बसल्या जागी तळपायाची आग मस्तकात गेली. संघर्ष नाही? तिथं संघर्षाशिवाय दुसरं होतं काय? पण त्या बाईंवर एकट्यांवर राग काढून उपयोग नाही. त्यांनी जे वाचलं त्यावर निकाल दिला. बाकीचे दोन परीक्षक मराठी होते. त्यांच्या कानावर जयभीम चार वेळा पडला. त्यांना तो शब्द ऐकू आला नाही की ऐकून घ्यायचा नव्हता, हा माझा सवाल आहे.

उत्कृष्ट लघुपटाचं बक्षीस मिळालं ते गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारावरच्या लघुपटाला. त्यात संवादच नाहीत, त्यामुळं सबटायटलची भानगड नाही. खरं तेच सांगतो, त्यात एक जागा अस्सल आहे. तो माणूस घरी येऊन हात धुतो, पुन्हा धुतो, आणि जेवायला बसल्यावर डाव्या हातानं उजव्या हाताचा वास घेतो. हे ज्यानं पाहिलं असेल त्यालाच सुचेल. पण बाकी? मॅनहोलमधून वर येताना त्याच्या अंगावर सोनेरी ऊन पडतं, घाणीचे थेंब मोत्यासारखे चमकतात, वरून ड्रोन फिरतो. त्याला आत उतरवलं कुणी? ठेकेदार चौकटीत येतच नाही. 2013 चा कायदा सांगतो की सुरक्षा साधनांशिवाय माणसाला तिथं उतरवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितलं, 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. गुन्हा आहे म्हंजे गुन्हेगार पाहिजे. इथं गुन्हेगार नाही, जात नाही, नाव नाही. नुसतं दुःख आहे. असं दुःख बघताना प्रेक्षकाला आपली खुर्ची टोचत नाही. टाळ्या पडल्या.

आता आपल्या पोरांचे कान धरतो, कारण ते हे अंक वाचतात. शेवटची अडीच मिनिटं भाषण आहे. तलाठ्याच्या नमस्कारानंतर पडदा काळा करायला पाहिजे होता, तर तिथून हलगी सुरू, स्लो मोशन सुरू, आणि आजी कॅमेऱ्याकडं बघून आपल्याला शहाणं करते. गड्यांनो, ज्याला कळलं त्याला परत सांगताय, आणि ज्याला कळलं नाही त्याला भाषणानं कळत नाही. शिवाय दोन ठिकाणी जोड उघडा पडलाय. साच्यावर तुटलेलं सूत जोडताना गाठ जाड राहिली तर आमचा जॉबर शिव्या घालतो. तुम्हाला शिव्या घालणारा कुणी नाही म्हणून मी घालतो. आणि सबटायटल न तपासता पाठवणं हा तर निव्वळ आळस.

पण आपला माणूस बक्षिसापर्यंत पोचतच नाही, असंही नाही. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांच्या 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 2018 साली 'पावसाचा निबंध'साठी लघुपट-माहितीपट विभागात दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'पावसाचा निबंध' मी चार वेळा पाहिला. शाळेत गुरुजी पावसावर निबंध लिहून आणायला सांगतात. पोराच्या घरी बाप दारू पिऊन पडलेला, छप्पर गळतंय, निबंध काही होत नाही. गंमत बघा, पडद्यावरचा पाऊस देखणा आहे. हिरवं रान, धुकं, पाण्याचा आवाज. शहरातला माणूस आहाहा म्हणतो. आणि तोच पाऊस घरात शिरला की आहाहा म्हणणाऱ्याला आपल्याच तोंडाची लाज वाटते. सुंदर दाखवून सुंदराचाच पंचनामा. सोनेरी ऊन आणि हा पाऊस यातला फरक हाच. 'फँड्री'तही (2013) डुक्कर खांद्यावर घेऊन माणसं शाळेच्या भिंतीपुढून जातात, भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई. त्या भिंतीला सबटायटल लागत नाही. पण ज्याला ती चित्रं कुणाची हे माहीत नाही, त्याला ती नुसती रंगवलेली भिंत दिसते. म्हंजे सवाल फिरून तिथंच येतो.

1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. प्रस्थापित लेखकाची प्रस्तावना कशाला, असं मलाही वाटायचं. पण तेंडुलकरांना कित्येक शब्द अडले तेव्हा त्यांनी ते कवीला विचारले, त्या गल्ल्यांतून हिंडले. विचारलं! आमच्या परीक्षकांना मधल्या सुट्टीत चहा पिताना विचारता आलं असतं. पोरं दाराशीच उभी होती. शरणकुमार लिंबाळ्यांनी 1996 साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहून सांगितलं की या लेखनाला सवर्णांची फूटपट्टी चालणार नाही. पुस्तकाची ती लढाई अजून चालू आहे, आणि सिनेमात तर फूटपट्टीच्या आधी फाटक आहे.

फाटक कसलं ते केरळात दिसलं. तिरुवनंतपुरमला माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव भरतो, राज्याची चलचित्र अकादमी भरवते. महोत्सवात दाखवायच्या चित्रपटाला सेन्सॉरचा दाखला लागत नाही, पण केंद्रीय माहिती व प्रसारण खात्याची सूट लागते. 2017 च्या जूनमध्ये तीन चित्रपटांना ती सूट नाकारली गेली. एक काश्मीरवरचा, एक जेएनयूच्या विद्यार्थ्यांवरचा आणि एक रोहित वेमुलावरचा, पी. एन. रामचंद्र यांचा. रोहित गेला 17 जानेवारी 2016 ला. दीड वर्षात त्याच्यावरचा चित्रपट परीक्षकांच्या खुर्चीपर्यंत जायच्या आतच अडवला. तिथं 'हॅलो'सुद्धा नाही. तिथं दारच बंद.

त्यामानानं आमचं बरं, असं आमच्यातलाच एकजण म्हणाला. दाखवला तरी. मी त्याला म्हणालो, दाखवला कुठं? आजी दाखवली. जयभीम नाही दाखवला.

तीन रात्री बसून आम्ही सबटायटल नव्यानं केलं. बराच वाद झाला. एकजण म्हणाला, कंसात अर्थ देऊ. दुसरा म्हणाला, कंस म्हंजे माफी. शेवटी चारही ठिकाणी रोमन अक्षरांत जयभीमच ठेवला, आणि तलाठ्याचा नमस्कार नमस्कारच. परक्या माणसाला निदान एवढं दिसेल की एकानं एक शब्द टाकला आणि दुसऱ्यानं तो उचलला नाही. अर्थ हवा असेल तर विचारील. शेवटची अडीच मिनिटं कापली. हलगीवाला रुसलाय, त्याची समजूत काढतोय. पुढच्या महोत्सवाची फी अजून जमलेली नाही.

तोवर येत्या रविवारी रात्री आठला विहारात पांढऱ्या चादरीवर लघुपट दाखवणार आहोत. आजी स्वतः हजर असतील. सतरंज्या कमी आहेत, येताना बसायला काहीतरी घेऊन या.