तडा गेलेली बासरी आणि दुरुस्तीचा विवेक

गतवर्षी ज्येष्ठात ग्वाल्हेरला एका स्नेह्यांकडे त्यांच्या दिवंगत वडिलांची बासरी आमच्या पाहण्यात आली. मडगावच्या दमट हवेत ती कित्येक वर्षे सुखाने नांदली आणि ग्वाल्हेरच्या कोरड्या झळांत पंधरवड्याच्या आत तडकली. बांबू सुकताना लांबीत फारसा आकसत नाही, घेरात आकसतो. म्हणून चीर उभी जाते. येथे ती खालच्या टोकापासून निघून शेवटच्या स्वररंध्राशी थबकली होती. वरचे स्वर निर्दोष होते. मात्र सहाही रंध्रे झाकून मंद्र पंचम फुंकावा, तर नुसता वारा ऐकू येई. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरीला ख्यालाच्या विस्ताराचे वाद्य केले, तेव्हापासून मंद्राची ही उणीव सोसण्याजोगी राहिलेली नाही.

एका कारागिराने सल्ला दिला, की चिरेत लाकडाचा भुसा व सरस भरून सर्व बासरी घासावी आणि वर रोगण चढवावे. त्याने तशी सुधारलेली एक बासरी आम्ही वाजवून पाहिली. दिसावयास ती नवरीसारखी. पण मुखरंध्राची धार घासली गेल्याने तिचा स्वर घोगरा व वाऱ्याने भरलेला झाला होता. ज्या धारेवर श्वासाचा नाद होतो, तिलाच कागद लावणाऱ्यास वाद्याचा दुरुस्तीकार कसे म्हणावे? शिवाय वडिलांच्या बोटांनी रंध्रांच्या कडांना जी झीज आणली होती, तीही या घासण्यात गेली असती.

शेवटी काम गेले एका वृद्ध वादकाकडे. त्यांनी बासरी प्रथम चार दिवस बंद पेटीत ठेवली. जवळ ओले फडके, पण बांबूला त्याचा स्पर्श नाही. चीर आपसूक मिटत आली. तिच्यात त्यांनी थोडे मधमाश्यांचे मेण दाबले आणि तीन ठिकाणी रेशमी दोऱ्याचे घट्ट, एकास एक लागून वेढे दिले. गाठ कोठेही नाही. दोऱ्याचे टोक वेढ्यांखालीच ओढून घेतलेले. एवढेच!

दोष काढावयाचा तर सर्वांत वरचा वेढा शेवटच्या रंध्राच्या फार निकट आला आहे, बोटाला तो खुपतो. मेणही कडक उन्हात पाझरेल. चीर मुखरंध्रातून गेली असती, तर तेथे दोरा बसत नाही. मग पातळ डिंकासारखे चिकटद्रव्य आम्हीही मान्य केले असते. परंतु एकदा मुरलेले चिकटद्रव्य स्वच्छ परत काढता येत नाही, दोरा उलगडता येतो. येथे त्याची गरज नसताना ते टाळले, यातच त्या वृद्धांची जाण दिसते.

मंद्र पंचम आता भरून येतो. किंचित मऊ, पण ओळखीचा. पुढील उन्हाळ्यात बांबू पुन्हा आकसेल आणि वेढे सैल पडतील. त्यासाठी आमच्या स्नेह्यांनी उरलेले रेशमी रीळ वडिलांच्या पेटीत जपून ठेवले आहे.