क्षयमासाचें भविष्यकथन व पोथ्यांचा कालनिर्णय

सिद्धांतशिरोमणीचा रचनाकाल शके १०७२. त्या ग्रंथांत भास्कराचार्यांनीं शके ९७४ मध्यें क्षयमास होऊन गेल्याचें सांगून, पुढें शके १११५, १२५६ व १३७८ या वर्षीं तो येईल असें कथन केलें आहे. ग्रंथकर्त्यानें ग्रंथरचनेपासून तीनशें वर्षांहून दूरचें वर्ष गणितानें मांडावें, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच स्थळीं क्षयमास बहुधा १४१ वर्षांनीं व क्वचित् १९ वर्षांनीं येतो, असेंहि म्हटलें आहे. हें दुसरें विधान तेवढें उचलून १४१ वर्षांचें एक ठाम चक्र मानण्याची प्रवृत्ति दिसते. ती मूळ ग्रंथास धरून नाहीं असें आमचें मत आहे.

आचार्यांचे आंकडेच पाहावे. पहिलीं दोन अंतरें १४१ वर्षांचीं, तिसरें मात्र १२२ वर्षांचें. चक्र मानणारास येथें लेखकप्रमादाची शंका येईल व तो १३७८ चे १३९७ करूं पाहील. शब्दांनीं अंक लिहिण्याच्या पद्धतींत असे प्रमाद होतातहि. परंतु येथें पाठ शुद्धच आहे. सूर्यसिद्धांताच्या वर्षमानानें १४१ वर्षें व १७४४ चांद्रमास यांत सुमारें ८ घटकांचें अंतर पडतें. १९ वर्षें व २३५ चांद्रमास यांत सुमारें १४ घटकांचें. १४१ मधून १९ वजा जातां उरणारीं १२२ वर्षें व १५०९ चांद्रमास यांत तें अवघें ५ घटकांचें, आणि तेंहि उलट बाजूस. तेव्हां १२२ चा मेळ तिहींत उत्तम होय. अंतर थोडें, म्हणून योग पुनः जुळतो. परंतु तें सांचत जातें, म्हणून प्रत्येक वेळीं स्पष्ट गणित करणें भाग पडतें.

अर्वाचीन प्रत्यंतरहि हेंच आहे. शके १७४४ नंतर १८८५ (सन १९६३-६४) मध्यें क्षयमास आला, तो १४१ वर्षांनीं; त्यानंतरचा शके १९०४ (सन १९८२-८३) मध्यें, अवघ्या १९ वर्षांनीं. यापुढील शके २०४५ (सन २१२३-२४) मध्यें यावयाचा आहे. शके १८८५ मध्यें नुसते १४१ मिळवीत जाणारास ना १९०४ सांपडतें, ना २०४५.

चांदूर बाजार, अचलपूर या बाजूच्या संग्राहकांस याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. शकाचा आंकडा फाटून गेलेल्या पंचांगाच्या सुट्या पानावर क्षयमास दिसला, तर शके १६०३ नंतर व १८८५ पूर्वीं १७४४ हें एकच वर्ष उभें राहतें. त्या वेळीं वऱ्हाड निजामाच्या अमलांत होता. पानावर फसली सन असल्यास तो ताडून पाहावा. मात्र पंचांग हें जात्याच भावी गणित. कोणा जोशानें पुढील वर्षांचें टिपण आधींच करून ठेविलें असल्यास पान वर्षाहून जुनें निघेल. यास्तव तिथीशीं वार व संक्रांतीची घटका जुळवून वर्ष ठरवावें. पान केव्हां लिहिलें हा प्रश्न वेगळा ठेवावा, आणि समासांत देण्याघेण्याची, जन्ममृत्यूची वा पावसाची नोंद असेल तरच तें त्या वर्षीं वापरांत होतें असें म्हणावें.