चुकलेले उत्तर कुणाला कळते?

प्रोग्रॅमिंग शिकवणारे पुस्तक चांगले की वाईट, हे आपण बहुधा त्याच्या सोप्या भाषेवरून ठरवतो. मला दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची वाटते. उदाहरणाचे उत्तर चुकले, तर ते मुलाला शिक्षकाशिवाय कळते का?

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ इंग्रजीत असले, तरी असंख्य मराठी विद्यार्थी त्यावरच सी शिकले. अक्षरे, शब्द, वाक्ये, परिच्छेद या क्रमाने भाषा येते तशीच सीसुद्धा येते, ही त्याची सुरुवात आजही सरळ वाटते. स्वाध्यायात मात्र लगेच रमेशचा पगार येतो: मूळ वेतनाच्या 40 टक्के महागाई भत्ता, 20 टक्के घरभाडे भत्ता. नोकरीच्या उंबरठ्यावरच्या तरुणाला हे योग्यच आहे. सातवीतल्या मुलीने घरभाडे चुकून भत्त्यासह आलेल्या रकमेवर काढले, तर तिला काहीच खटकणार नाही.

सीमूर पेपर्ट यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’मध्ये (1980) लोगोच्या कासवाचे महत्त्व सांगितले, ते यासाठीच. मूल स्वतः कासव होऊन चालते. चौकोन जुळला नाही, तर वळण कुठे चुकले ते पायांनाच कळते. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय पुस्तकमालेत तेजस, ज्योती आणि मोझ हा उंदीर गोष्टीतून विचार करायला लावतात. गोष्टीमुळे मूल पानावर टिकते. पण गोष्टीतला प्रश्न मुलाच्या अनुभवातला नसेल, तर चूक पुन्हा शिक्षकालाच दाखवावी लागते.

मराठीत असे पुस्तक लिहायचे, तर औंढा नागनाथच्या घरांत उदाहरणे तयार आहेत. हळदीच्या पट्टीत वजन, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई असते. रक्कम चुकली, तर मुलगी बापाच्या आधी बोलेल. इफ, फॉर हे शब्द इंग्रजीच राहतील. शंका मात्र तिची स्वतःची असेल.

एवढा आग्रह कशासाठी? औंढा तालुक्यात दुधाळा इथे लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतील लायगोने 14 सप्टेंबर 2015 रोजी प्रथम टिपलेल्या गुरुत्वीय लहरीची नोंद आणि ती पायथॉनमध्ये तपासण्याचे धडे सर्वांसाठी खुले आहेत. तिथले कामही हेच: असंख्य कंपनांतून खोटे संकेत ओळखून बाजूला काढायचे. त्या कुंपणाच्या आत गावची मुले पहारा करतील की नोंदी वाचतील, हे ठरण्यात त्यांच्या हाती पडलेल्या पहिल्या पुस्तकाचाही वाटा असेल.